ठाण्याच्या नौपाड्यातून भाड्याने घेतलेलं पोर्टेबल ऑक्सिजन मशीन (आईच्या दिल्ली फ्लाइटसाठी)

घरी सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) पेशंट असेल आणि विमानाने न्यायचं चाललं असेल तर हे नक्की वाचा. आईला गावी वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून हा त्रास लागलाय, घरात बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर) 93 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि ताईकडे दिल्लीला जायचंच होतं. सगळे म्हणत होते, दोन तासांचं तर विमान, ट्रेनपेक्षा बरं. छातीच्या डॉक्टरांनी मात्र आईला आधी पॅसेजमध्ये चालवून बघितलं, आकडा भराभर उतरला, तेव्हा म्हणाले मशीनशिवाय पाठवू नका.

कारण विमान 35,000 फुटांवर असताना आत काही ठाण्यासारखी हवा नसते. केबिनमधला दाब 8,000 फूट उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो, आणि आपलं कळसूबाई आहे 5,400 फूट. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या माणूस कळसूबाईच्याही वर जातो. हवेत ऑक्सिजन 21 टक्केच राहतो पण दाब पडल्यामुळे शरीराला मिळतो तो खाली 15 टक्केवाली हवा घेतल्याइतकाच. धडधाकट माणसाचा आकडाही 90-93 पर्यंत येतो आणि त्याला काही जाणवत नाही, पण जो घरातूनच 93 घेऊन निघालाय त्याचं काय होणार! वरून पडणाऱ्या मास्कच्या भरवशावर राहू नका, ते केबिनचा दाब अचानक गेला तरच पडतात आणि बहुतेक विमानांत 12-15 मिनिटंच पुरतात. स्वतःचा सिलिंडर एअरलाइनवाले सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून हे मशीन.

नौपाड्यातल्या एका सर्जिकलवाल्याकडून घेतलं. वजनाला अडीच किलोच्या आत, पुढच्या सीटखाली मावतं, हवेतला नायट्रोजन बाजूला काढून 90 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतं. दुकानातल्या काकांनी घाई न करता आईला बसवून नळी लावायला शिकवलं, लावून चालायला लावलं, हे फार आवडलं. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती डॉक्टरांकडून कळली. मशीनवरचं सेटिंग 2 म्हणजे मिनिटाला 2 लिटर नव्हे. हे पल्स डोसवालं आहे, नाकाने श्वास आत घेतला की तेवढ्यापुरतं फस्स करून सोडतं, त्यामुळे कुठल्या सेटिंगवर आपल्या पेशंटचा आकडा टिकतो ते घरी ऑक्सिमीटर लावून, बसवून आणि चालवून बघावंच लागतं.

आणि याचा अर्थ विमानात कळला. आईला डुलकी लागली, तोंड उघडं पडलं, मशीनला श्वासच कळेना, ते टीं टीं करायला लागलं. बोटावर 86! मी हलवून म्हटलं, "आई, नाकाने घे गं, नाकाने", तेव्हा कुठे हळूहळू 91 झालं. पुढे उतरेपर्यंत तिला झोपू दिलं नाही, गप्पा मारत बसलो. शेजारी जागं माणूस हवंच, वयस्कर माणसाला मशीन देऊन एकटं बसवू नका.

तक्रार आहे ती बॅटरीची. एअरलाइन फ्लाइटच्या वेळेच्या दीडपट बॅटरी मागते, पण त्यात घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, चेक-इन, सिक्युरिटी, लेट फ्लाइट काही धरलेलं नसतं. मला दिलेली जादा बॅटरी जुनी निघाली, घरी चालवून बघितली तर सांगितलेल्या वेळेच्या निम्मीही टिकली नाही. फोन केला तर वाद न घालता त्याच दिवशी बदलून दिली, त्याबद्दल पूर्ण मार्क, पण भाड्याने देण्याआधी हे त्यांनीच तपासायला हवं, प्रत्येक जण घरी चालवून बघेलच असं नाही. गाडीचा चार्जर मात्र मागून घ्या, विमानतळापर्यंत मशीन त्याच्यावरच चालवलं. जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. मेडिफ फॉर्म (एअरलाइनचा पेशंटच्या तब्येतीचा फॉर्म) डॉक्टरांच्या सहीने आधीच द्यावा लागतो, ऐनवेळी काउंटरवर काही होत नाही.

अजून दोन गोष्टी. वर गेल्यावर पोटातला गॅस साधारण तीस टक्के फुगतो आणि अशा पेशंटला तो खालून छातीला दाबतो, म्हणून निघायच्या आधी आईला छोले, सोडा काही दिलं नाही, मऊ भात दिला. केबिनची हवा कोरडी असते, नळीने नाक अजून सुकतं, पण व्हॅसलिन लावू नका, ऑक्सिजनजवळ ते चालत नाही, पाण्याचं जेल मिळतं मेडिकलमध्ये.

डिपॉझिट तगडं आहे, पण परत करताना किरकिर न करता तिथल्या तिथे दिलं. पाचपैकी चार. बॅटऱ्यांवर कधी घेतल्या त्याची तारीख लिहून ठेवायला लागले की पाचवा स्टार लगेच देतो.