साताऱ्यात भाड्याने मिळणारा टेंट गुहागरच्या वाळूत: काय चालतं, काय बदलून घ्यावं

साताऱ्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानांत संच जवळपास सारखाच असतो. दोन पोलांचा तीन माणसांचा डोम टेंट, फोमच्या मॅट, स्लीपिंग बॅगा, छोटी गॅस शेगडी आणि चार्जिंगचा कंदील. बामणोली किंवा तापोळ्याच्या बाजूला पाण्याकाठी रात्र काढायची तर यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. पण तेच सामान डिकीत टाकून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर गाठणारे आता बरेच आहेत. एका बाजूचं अंतर १७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडली की निवांत होणारी ट्रिप. समुद्रावर हा संच कसा वागतो, एवढंच इथे बघायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. संच घ्यावा, पैसे वसूल होतात. फक्त पेगांची, म्हणजे दोऱ्या जमिनीत रोवायच्या खुंट्यांची, सोय वेगळी करावी, स्लीपिंग बॅग काउंटरवरच परत द्यावी आणि टेंट दुकानात उभा करून बघितल्याशिवाय उचलू नये.

सगळ्यात मोठी अडचण पेगांची. संचात येणारे पेग साधारण १८ सेंटिमीटर लांबीचे, वरून वाकवलेल्या लोखंडी सळीचे असतात. आपल्याकडच्या मुरमात दगडाने ठोकले की ते घट्ट बसतात. कोरड्या वाळूत मात्र तोच पेग दोन बोटांनी उपसून येतो, कारण वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत आणि बारीक सळीला अडवायला पुरेसा पृष्ठभागच मिळत नाही. दुपारी तीन-चारला समुद्रावरचा वारा वाढला की आधी वाऱ्याकडची दोरी सुटते, मग त्या बाजूचा पोल आत दबतो आणि टेंट आडवा होतो. मोठा दगड आणून पेगवर ठेवला तरी उपयोग होत नाही. दगडाखालून पेग सरकतोच.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वाळूच्या पिशव्या पुरणं. जाड सुती किंवा तागाच्या ३० बाय ४० सेंटिमीटरच्या सहा पिशव्या घरूनच न्याव्यात. दोन समुद्राकडच्या दोऱ्यांना, दोन दाराकडच्यांना, दोन बाजूंना. पिशवी पाऊण भरायची, तोंड दोरीनेच आवळायचं आणि त्या दोरीचं दुसरं टोक टेंटच्या ताणदोरीला बांधायचं. टेंटच्या कडेपासून सुमारे दीड मीटरवर ३० ते ४० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा. तेवढ्या खोलीवर ओलसर वाळू लागते, आणि पकड तिचीच असते. पिशवी खड्ड्यात आडवी ठेवायची, म्हणजे तिची रुंद बाजू टेंटकडे येते. दोरीसाठी खड्ड्यापासून टेंटच्या दिशेला एक अरुंद चर पाडायचा, नाहीतर दोरी खड्ड्याच्या काठावरून उभी वर येते आणि ताण पडला की पिशवीला वर ओढते. मग वाळू लोटून पायाने दाबायची, वर बादलीभर पाणी ओतायचं आणि परत दाबायची. दोरी हातात धरून अंगाचा भार मागे टाकून बघा. पिशवी हलली नाही तर रात्रभर हलणार नाही.

प्लॅस्टिकच्या पिशव्या यासाठी वापरू नयेत. उकरताना फाटतात आणि त्यांचे तुकडे वाळूतच राहतात. कांद्याची जाळीदार गोणीही नको, वाळू गळून ती सैल पडते. उकरायला बागेतलं खुरपं पुरतं. टेंटच्या तळाच्या चार कोपऱ्यांना पिशव्या लागत नाहीत, तिथे आतून पाण्याचे कॅन आणि सॅक ठेवल्या की भागतं. काही दुकानांत वाळूसाठी रुंद पन्हळीचे लांब पेग मिळतात. मिळाले तर घ्यावेत, पण समुद्राकडच्या दोन दोऱ्यांना तरी पिशव्याच हव्यात.

वाळू सोडून सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, टेंट लावायचा झाला तर गोष्ट उलटी होते. जांभ्यात पेग शिरतच नाही, वाकतो. तिथे सुट्या चिऱ्याला किंवा दगडाला दोरी बांधावी लागते, पण दोरी आणि दगड यांच्यामध्ये जुन्या कापडाची घडी घालावी. जांभ्याची खरबरीत कड वाऱ्याच्या प्रत्येक हिसक्याला नायलॉन घासते. खाली ताडपत्रीही हवीच, आणि ती टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर आत असावी. बाहेर डोकावणाऱ्या ताडपत्रीवर दव साचतं आणि ते पाणी तळाखाली शिरतं.

आता पोल. भाड्याच्या टेंटमध्ये ते फायबरग्लासचे असतात, तुकडे आतल्या रबरी दोरीने जोडलेले आणि प्रत्येक सांध्याला धातूची नळी. वाळूचा एक कण त्या नळीत गेला की पुढचा तुकडा पूर्ण आत बसत नाही, दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो. मग पोल वाकवला की सगळा जोर त्या काठावर येतो आणि फायबर उभं चिरतं. म्हणून पोल जोडायचे ते चादरीवर, वाळूवर नाही, आणि प्रत्येक टोक कोरड्या फडक्याने पुसून. कापडाच्या बोगद्यातून पोल नेहमी ढकलत न्यायचा. ओढला की तुकडे आतल्या आत सुटतात. घडी करताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे रबरी दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण राहतो. पोल चिरलाच तर संचात एक आखूड धातूची नळी असायला हवी. चिरलेल्या जागेवर ती सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची. ही नळी बहुतेक संचांतून गायब असते, तेव्हा दुकानातच मागून घ्या. नसेलच तर दोन पेग चिरेला समांतर बांधून रात्र निघते. चिरलेला पोल उघड्या हाताने धरू नये, फायबरच्या कुसळी हातात मोडतात आणि सहजी निघत नाहीत.

टेंट लावताना दार समुद्राकडे करावंसं सगळ्यांनाच वाटतं, आणि इथे हमखास चूक होते. हिवाळ्यात दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री ते पडले की जमिनीकडून मतलई वारे सुरू होतात. दार पश्चिमेला असेल तर दुपारभर आत वाळू येते, टेंट फुगून दोऱ्या उपसायला लागतो आणि रात्री वाऱ्याकडे बंद पाठ राहिल्यामुळे आत घुसमट होते. दार पूर्वेला ठेवा. दुपारचा वारा पाठीवर घ्यायला दोन पिशव्या आहेत, रात्री थंड झुळूक दाराच्या जाळीतून आत येते. सूर्यास्त बघायला बाहेर बसायचंच आहे.

कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी दव भरपूर पडतं. वरचं आवरण पहाटेपर्यंत बाहेरून निथळत असतं आणि आतून श्वासाच्या वाफेने ओलं होतं. हे आवरण आतल्या जाळीला टेकलं की पाणी थेट अंथरुणावर. त्यामुळे बाजूच्या मधल्या दोऱ्या ताणून दोन्हींमध्ये तळहात सरकेल एवढी फट ठेवावी आणि झोपण्यापूर्वी त्या एकदा पुन्हा ओढाव्यात, वाळू बसली की दोरी सैल होते. एकाच थराचे स्वस्त टेंटही भाड्याने दिले जातात. किनाऱ्यासाठी ते साफ नाकारावेत.

स्लीपिंग बॅग डोंगरातल्या थंडीच्या हिशोबाने दिली जाते. गुहागरला जानेवारीतही तिच्यात घाम येतो. एक सोलापुरी चादर पुरते, पहाटेसाठी फार तर दुसरी. मॅट मात्र माणशी एक घ्याच, कारण रात्री वाळू गार आणि दगडासारखी कडक लागते.

शेगडी छान चालते. उंचावरच्या थंडीत ब्यूटेन मंदावतो, तशी अडचण किनाऱ्यावर येत नाही. वारा नसेल तर २३० ग्रॅमच्या डब्यात १४-१५ लिटर पाणी उकळतं, म्हणजे चौघांना दोन दिवसांचा चहा आणि साधी खिचडी होते. वाऱ्यात मात्र निम्मी उष्णता वाया जाते. आडोसा पत्र्याचा करा, पण तीन बाजूंनीच, आणि डब्यापासून लांब. डबा वेढला गेला की तापतो आणि फुटू शकतो. टेंटच्या आत शेगडी कधीही पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरूच्या बनात खाली सुकलेल्या पानांचा जाड थर असतो, तिथे तर ठिणगीही नको.

जागेचं सांगायचं तर टेंट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यावर, न लावता मागच्या एखाद्या वाडीत (नारळाच्या बागेत) मालकाला विचारून लावावा. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ, आणि गुहागरची पुळण त्यांच्या महत्त्वाच्या जागांपैकी आहे. मादी रात्री वर येते, वाटेत टेंट किंवा उजेड दिसला तर अंडी न घालताच परत फिरते. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाकडे जातात, त्यामुळे संचातला तो झगझगीत कंदील समुद्राच्या दिशेला अजिबात लावू नये. वाडीत विहिरीचं गोडं पाणी मिळतं, संडासाची सोय होते. फक्त नारळाच्या थेट खाली टेंट नको. नारळ तर पडतोच, सुकलेली झावळीही टेंट फाडायला पुरेशी जड असते.

आसपासच्या छोट्या पायी फेऱ्यांसाठी भाड्याच्या सामानातलं काही लागत नाही, ट्रेकिंगची काठीसुद्धा नाही. बूट स्वतःचे, जाड तळाचे. सड्यावर चप्पल टिकत नाही. अंजनवेलला गोपाळगडाचा खंदक आणि तटबंदी बघून दीपगृहापर्यंत जाणं सकाळी नऊच्या आत उरकावं, कारण सड्यावर सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी ठेवा. गुहागरहून असगोलीकडे पुळणीने चालायचं तर ओहोटी बघून निघावं, तेव्हा पायाखाली घट्ट ओली वाळू मिळते. हेदवीची बामणघळ उलट भरतीलाच बघायची, खडकाच्या फटीत लाट शिरून पाणी उंच उसळतं. पण काठावरच्या शेवाळापासून लांब उभं राहून.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब आजही कामाला येतो. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी, ओहोटी या दोन्हींच्या मधोमध. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी भरतीने टाकलेल्या कचऱ्याच्या नेहमीच्या रेषेच्याही वर येतं. गाडी पुळणीवर उतरवणारे याच दिवसांत अडकतात. पुढे गणपतीपुळ्याला जायचं असेल तर तवसाळहून गाडीसकट फेरीबोटीने जयगडला उतरता येतं, तिथून मालगुंड अगदी वाटेवर.

दुकानदारांच्या सेवेबद्दल. सामान देताना पिशवी बंदच हातात ठेवायची पद्धत आहे, आणि परत घेतानाही कोणी ती उघडत नाही. म्हणून आधीच्या गिऱ्हाइकाने ओला गुंडाळलेला टेंट तसाच पुढच्याकडे जातो. पाच मिनिटं मागून घ्या आणि तो तिथेच पसरा. वरच्या आवरणाची आतली बाजू हाताला चिकट लागली, आंबूस वास आला किंवा पापुद्रे सुटत असतील तर त्याचा जलरोधक थर गेला आहे. दवाच्या रात्री तो गळणारच, दुसरा मागा. शिवणीवरची पट्टी सुटली आहे का तेही बघा. चेन दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवा. रनर पुढे गेल्यावर मागे दात उघडे राहत असतील तर रनर सैल झाला आहे, पक्कडीने दोन्ही कडा किंचित दाबल्या की बसतो. हे काम दुकानातच करून घ्यावं. जाळीला भोक नको, नाहीतर वाडीतले डास रात्रभर आत. पेग आणि दोऱ्या मोजा, फोटो काढा. भाडं दिवसाचं की रात्रीचं, परतीचा दिवस धरतात का आणि ओल्या टेंटचे पैसे अनामतीतून कापतात का, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत.

परत देण्याआधी गोड्या पाण्याने पेग, पोलांचे सांधे आणि चेन धुवायलाच हव्यात. मीठ राहिलं की सांध्यातल्या नळ्या आठवड्याभरात खरबरीत होतात आणि चेन अडकायला लागते. वाडीतल्या विहिरीवर एक बादली पाणी आणि जुना टूथब्रश एवढ्यात होतं. चेनला तेल लावू नये, त्याला वाळू चिकटते. अडत असेल तर मेणबत्ती घासावी. टेंट सावलीत वाळवायचा. निघायची घाई असेल तर ओलाच आणून साताऱ्यात गच्चीवर सावलीला एक दिवस टांगावा, आणि दुकानदाराला तो समुद्रावर वापरला होता हे स्पष्ट सांगावं, म्हणजे तो सांधे पुन्हा एकदा पुसून ठेवील.