नवी शुगर आणि जास्तीचं वजन: रोजची गोळी की आठवड्याचं इंजेक्शन?

आपल्या देशात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. साडेपाच फुटांच्या आत-बाहेर उंची असलेल्याला म्हणजे साधारण ७० किलो. खान्देशात एवढ्या वजनाला 'तब्येत चांगली' म्हणतात, हा भाग वेगळा. शुगर नुकतीच निघाली असेल तर वजन उतरवण्याची हीच वेळ. ब्रिटनच्या 'डायरेक्ट' चाचणीत (२०१७) ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांची शुगर वर्षभराने गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. तेही औषधाने नाही, मोजक्या आहाराने.

मेटफॉर्मिन बहुतेकांना सुरू होतंच. स्वस्त आणि भरवशाचं, पण वजन फार तर दोन-तीन किलो उतरतं. ग्लिमेपिराइडने उलट वजन वाढतं. चिठ्ठीवर ते असेल तर कशासाठी दिलंय, एवढं विचारा.

खरा प्रश्न पुढे जोडायचं काय हा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. वजन इथेही दोन-तीन किलोच, पण हृदयाला आणि किडनीला चांगला आधार मिळतो. पेटंट संपल्याने खिशालाही परवडतात. अडचण आपल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ला टेकतो, माणूस दिवसभर केळीच्या बागेत, त्यात गोळीमुळे लघवी जास्त. पाणी कमी पडलं की चक्कर ठरलेली. जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ही गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. नाहीतर रक्तात कीटोन (घातक आम्लं) वाढतात आणि मीटरवर शुगर मात्र जवळपास ठीक दिसते. लघवीच्या जागी खाज, बुरशी हाही त्रास होतो. बायका लाजेपोटी तो सांगत नाहीत, आणि सांगितला तर इलाज सोपा असतो.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं भूकच मंदावतात. मधुमेहींच्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडच्या मोठ्या डोसने सरासरी ९.६ टक्के, तर टिर्झेपाटाइडने १३ ते १५ टक्के वजन उतरलं, तेही सव्वा-दीड वर्षात. ८५ किलोच्या माणसाचे आठ किलो आणि ११-१२ किलो धरा. शुगर नसलेल्यांचं याहून जास्त उतरतं, तेव्हा इंटरनेटवरचे फोटो बघून हिशोब करू नका.

सुरुवातीचे आठवडे मळमळीचे. शेवभाजीची तर्री आणि आखाजीचे रस-मांडे पोटभर खाल्ले तर उलटी होणारच. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून डाळ, अंडी, मटकी आणि थोडा व्यायाम हवाच. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत; फ्रीझरला चिकटून गोठलं तर वाया. बाहेर काढलं तरी ३० अंशांच्या आत ठेवायचं, म्हणजे दुपारच्या एसटीने यावलला न्यायचं तर बर्फाची डबी सोबत हवी. इंजेक्शनचा धाक असेल तर सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते: उपाशीपोटी, अर्ध्या ग्लास पाण्यासोबत, मग अर्धा तास चहासुद्धा नाही.

पैशाचं बघा. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्या एका डोसला ३,५०० रुपये होते, आणि महिन्याला चार डोस लागतात. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, त्यामुळे स्वस्त पर्यायांची विचारपूस करा. औषध थांबलं की बरंचसं वजन परत येतं, म्हणून सहा महिन्यांपुरते पैसे असतील तर मी इंजेक्शन सुरूच करणार नाही. हृदय किंवा किडनीची तक्रार असेल तर डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी आधी. वजन ९०च्या पुढे आणि खर्च वर्षानुवर्षं झेपणार असेल तर इंजेक्शन.

स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, घरात थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर असेल किंवा बाळाचा विचार असेल तर इंजेक्शनआधी ते सांगा. आणि पहिल्या डोसआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. शुगर झपाट्याने उतरली की आधीच खराब असलेला पडदा आणखी बिघडू शकतो.