बिबट्या मोजायचा की त्याच्या शेजाऱ्याचं ऐकायचं?

प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा मानवशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं भेटली की हा प्रश्न येतोच: "बिबट्यावर काम करायचंय. पीएच.डी. जीवशास्त्रात करू की समाजशास्त्रात?" वरवर हा विषय निवडण्याचा प्रश्न वाटतो, पण पुढची पाच-सहा वर्षं रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं हे त्यात ठरून जातं. म्हणून दोन्ही वाटा जुन्नर (पुणे जिल्हा) आणि अकोले (अहिल्यानगर जिल्हा) या एकाच ऊसपट्ट्यात शेजारी-शेजारी ठेवून दाखवतो. मी दोन्हीकडची थोडीथोडी कामं केली आहेत. माझा कल कुठे आहे तेही सांगणार आहे.

हा पट्टा मुद्दाम निवडला, कारण इथे दोन्ही शास्त्रांची कसोटी लागली. 2001 नंतर जुन्नर परिसरात बिबटे मोठ्या संख्येने पिंजऱ्यात पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडले गेले. प्राणी उचलला की त्रास मिटेल, असा सरळ हिशेब होता. झालं उलटं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ते या मोहिमेनंतर 17 वर गेले. हे आकडे जीवशास्त्राच्या पद्धतीने, नोंदी जुळवून हाती आले. पण आकडे समोर असूनही गावोगाव "पिंजरा लावा" ही मागणी का थांबत नाही, हे शोधायला दुसरी पद्धत लागते.

जीवशास्त्राच्या वाटेवर पहिला प्रश्न असतो, बिबटे किती? त्यासाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून एक कॅमेरा पुरत नाही. ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखायचं, कोण किती वेळा पुन्हा आलं ते मांडायचं आणि त्यावरून एकूण संख्येचा अंदाज काढायचा. अकोले तालुक्यात असं काम झालं, तेव्हा 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले. तेही चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात अशा शेतीच्या भागात! 2013 साली हे छापून आल्यावर "बिबट्या जंगलातून वाट चुकून येतो" या समजुतीला चांगलाच धक्का बसला.

दुसरा प्रश्न, खातो काय? इथे उत्तर विष्ठेत सापडतं. वाळलेली विष्ठा कागदी पिशवीत भरायची, तारीख आणि जागा लिहायची. मग बारीक चाळणीवर नळाखाली धूत बसायचं. माती निघून जाते आणि केस, खुरांचे तुकडे, हाडांच्या कपच्या मागे राहतात. एका नमुन्यातले वीसेक केस उचलून काचपट्टीवर घ्यायचे, आतल्या गाभ्याची आणि वरच्या खवल्यांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, आणि ओळखीच्या केसांशी ताडून पाहायची. कुत्रा की शेळी, हे ठरवताना सुरुवातीला डोळे पाणावतात. दिवसाला चार-पाच नमुने झाले तरी पुष्कळ. अकोल्यात याच पद्धतीने कळलं, की वजनाच्या हिशेबात बिबट्याच्या खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आहे आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. म्हणजे गावाच्या कडेला पडलेला कचरा, त्यावर जगणारी कुत्री आणि बिबट्या ही एकच साखळी झाली.

आता दुसरी वाट. इथे पहिला दिवस पडवीत जातो. तुम्ही संमतीपत्र पुढे करता आणि समोरची आजी विचारते, "सही कशाला रे? सातबाऱ्यावर काही होणार नाही ना?" मग तासभर बिबट्या बाजूलाच राहतो, तुम्ही कुठले, आईवडील काय करतात, लग्न झालं का, यावर बोलणं होतं. तो तास वाया गेला असं ज्याला वाटतं, त्याने ही वाट धरू नये. चहा झाल्यावर आजी म्हणते, "वाघ रोज येतो. गोठ्यामागनं जातो. आपण त्याच्या वाटेला जायचं नाही." इकडे बिबट्याला सर्रास वाघ किंवा वाघरू म्हणतात. बाहेरून आलेला विद्यार्थी वहीत "वाघ" म्हणजे पट्टेरी वाघ असं लिहून घेतो आणि पुढचं सगळं विश्लेषण फसतं. मराठी घरात वाढलेल्या मुलाला इथे जो फायदा आहे, तो प्रयोगशाळेत नाही.

मुलाखतीचं खरं कष्टाचं काम घरी आल्यावर सुरू होतं. एका तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात. मागे पंप चालू असतो, दोन माणसं एकदम बोलतात, मधेच कुणी रडतं. ते उतरवून झालं की वाक्यावाक्याला खुणा करायच्या: इथे भीती आहे, इथे वन खात्यावरचा राग, इथे भरपाईच्या कागदपत्रांचा वैताग. चाळीस मुलाखतींनंतर हळूहळू दिसायला लागतं, की बिबट्याचा राग बऱ्याचदा रात्रीच्या विजेवरचा राग असतो. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी रात्री येते, म्हणून शेतकऱ्याला अंधारात उसाला पाणी द्यायला जावं लागतं. हे कुठल्याही कॅमेऱ्यात येत नाही.

पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरात वारली समाजाच्या वाघोबा या देवावर झालेलं काम 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वाघोबाच्या 150 देवस्थानांची नोंद झाली, आणि माणसं या जनावराशी कुठलं नातं, कुठला करार मानतात हे लोकांच्याच तोंडून आलं. "आदिवासी निसर्गपूजक असतात" असल्या गुळगुळीत वाक्याच्या हे कितीतरी पुढचं आहे.

दोन्ही पद्धतींची आंधळी बाजूही बघा. गावात विचारलं तर "पाच वाघ आहेत" असं सांगतात. कॅमेऱ्यात पाचही वेळा तीच एक मादी निघू शकते. म्हणजे मुलाखतीवरून संख्या काढायची नाही. उलट बाजूने, 100 चौरस किलोमीटरला 5 हा आकडा हातात घेऊन कुठल्या वस्तीचा संयम कधी संपेल हे सांगता येत नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांना हे मोकळेपणाने विचारा. आपल्या पद्धतीला काय दिसत नाही हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्याकडे जाऊ नका.

पैशांचं थोडक्यात. जीवशास्त्रासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, समाजशास्त्र आणि मानवशास्त्रासाठी यूजीसी नेट. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासून दोन्हीकडे सारखीच: पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000. फरक छात्रवृत्ती नसेल तेव्हा जाणवतो. जीवशास्त्रात मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून निदान काही काळ पगार निघण्याची शक्यता जास्त असते, समाजशास्त्रात असे प्रकल्प कमी. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या दोन्हीकडे चालतात. त्यांच्या जाहिरातींवर आधीपासून लक्ष ठेवा. खर्चही सारखा नसतो. जीवशास्त्रात कॅमेरे लागतात, ते चोरीला जातात, बॅटऱ्या संपतात. दुसरीकडे एसटीचं तिकीट, ध्वनिमुद्रक आणि खूप सारा वेळ.

परवानग्यांचा फरक मात्र मोठा आहे आणि त्यावर कुणी आधी बोलत नाही. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनक्षेत्रात कॅमेरे लावायचे किंवा नमुने गोळा करायचे तर वन खात्याच्या नागपूरच्या मुख्यालयापर्यंत कागद जातो. एका वर्षी माझा अर्ज एका टेबलावर इतका काळ पडून राहिला, की ऊसतोडणी संपून शेतं मोकळी झाली आणि मोसमच हातचा गेला. मुलाखतींच्या कामाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. ती तुलनेने लवकर मिळते. पण हल्ल्यात मूल गेलेल्या घरात कधी जायचं, जायचं की नाहीच, हे समिती ठरवून देत नाही. ते ओझं तुमचंच.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं, पुढे मुदतवाढ मिळू शकते. त्याच नियमांत सहमार्गदर्शकाचीही सोय आहे, आणि या विषयात तिचा उपयोग करून घ्याच. एका प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. जागा आहे का हे विषय ठरवण्याआधी विचारून घ्या. खूप मुलं इथेच अडकतात.

माझा कल सांगतो. तुम्ही विज्ञानाकडून आला असाल, मराठी तुमची घरची भाषा असेल आणि आकडेमोडीची भीती नसेल, तर या विषयात समाजशास्त्राकडे या. बिबट्या काय खातो, कुठे राहतो, याची बऱ्यापैकी कल्पना आता आहे. भरपाई, रात्रीचं पाणी, पिंजऱ्याची मागणी, ऊसतोड मजुरांच्या खोपटांची सुरक्षितता, इथे माणसं कमी पडताहेत. पण सांख्यिकी जमत नाही म्हणून इकडे येणार असाल तर थांबा. इथे पहिली दोन वर्षं वाचनातच जातात आणि लिखाणातून सुटका नाही. लिहायचा कंटाळा असेल तर चाळणी आणि काचपट्टी बरी.

अजूनही ठरत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीतला एक आठवडा काढा. ओळखीच्या संशोधकाकडे जाऊन तीन दिवस विष्ठेचे नमुने धुवा. उरलेले तीन दिवस कुणाच्या तरी मुलाखतींचं ध्वनिमुद्रण कानाला लावून उतरवत बसा, पंपाच्या आवाजासकट. सातव्या दिवशी सुट्टी असूनही ज्या टेबलावर परत जाऊन बसावंसं वाटेल, त्या विषयाच्या नेटचा अर्ज भरा.