टायर इन्फ्लेटर: नाशिक ते कच्छ फिरवून आणल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, आता पावसाळा आला, म्हणून लिहितोय. गाडीच्या 12 व्होल्ट सॉकेटला लावून टायरमध्ये हवा भरायचा आहे. फक्त नाशिकमध्येच फिरणार असाल तर सरळ सांगतो, घेऊ नका, गंगापूर रोड काय नि द्वारका काय, पंपावर हवा मिळते. याची खरी किंमत कळली ती जानेवारीत कच्छला गेलो तेव्हा.

पेठ-धरमपूरवरून हायवेला लागलो, अहमदाबाद, मग भुज, तिथपर्यंत रस्ते मख्खन. पण कडिया ध्रोची घळ बघायची तर शेवटी कच्चा रस्ता, मध्येच भुसभुशीत वाळू. दाजी म्हणाले हवा काढ, मग 33 पीएसआयचं (हवेच्या दाबाचं माप) 22 केलं, टायर पसरला आणि गाडी निघाली आरामात. हवा काय कोणीही काढेल हो, परत भरायची कुठे? तिथे पंक्चरवाला सोडा, माणूस दिसत नाही. आणि डांबरी लागायच्या आत भरावीच लागते, कमी हवेत स्पीड घेतला की टायर तापून फाटायची भीती. चारही टायरना वीसेक मिनिटं गेली. टोकदार दगड असतील तिथे मात्र हवा कमी करू नका, टायरची बाजू (साइडवॉल) कापते.

बाकी जागा म्हणजे काय सांगू! पाण्याने कापलेले वाळूच्या दगडाचे थर, पिवळे, तांबूस, नुसतं बघत बसावं. आपल्याला सवय ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या काळ्या दगडाची, तो लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. धोलावीराजवळ लाकडाचे दगड झालेत ते ज्युरासिक काळातले, त्यांच्यापुढे आपला सह्याद्री पोरगाच. खावडा-धोलावीरा रस्त्यावर दोन्हीकडे पांढरं रण दिसतं, पण गाडी खाली उतरवू नका, वर मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखल, तिथे हवा कमी करूनही काही होत नाही.

आता तक्रारी. आवाज भयंकर. दोन टायर झाले की मशीन तापतं, थांबावंच लागतं, पाइपाचं पितळी टोक तर हाताला चटका देतं. वायर मागच्या टायरला जेमतेम पुरते. रीडिंग वेगळ्या गेजपेक्षा 2 पीएसआय जास्त दाखवतं, ते धरून चाला. ऑटो कट, म्हणजे ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होणं, मात्र अजून एकदाही चुकलं नाही. इंजिन चालू ठेवूनच वापरा, आणि दुपारी तापलेल्या टायरला तीन-चार पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा सोडू नका, सकाळी थंड टायरलाच मोजायचं.

सध्या सोसायटीतली पोरं रविवारी सायकली घेऊन येतात, त्याचा अडॅप्टर डब्यातच होता.