ब्रेक ऑइल बदलायला गाडी दिली, पैसे घेतले एबीएस मॉड्यूलचे

अचलपूर-परतवाड्याकडच्या आणि एकूणच वऱ्हाडातल्या गाडीवाल्या भावांनो, हे शेवटपर्यंत वाचा. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्या कारणानं. आई आणि पुतणी गाडीत असताना चिखलदऱ्याच्या घाटात ब्रेकचं पेडल पायाखाली बसलं.

आमची गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे आता खेड्यातल्या गाड्यांनाही ते असतंच. ब्रेक चांगले लागत होते, फक्त ऑइल जुनं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. नवं डॉट 4 ऑइल (डॉट 3, डॉट 4 या ब्रेक ऑइलच्या प्रती आहेत) किमान 230 अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरलेल्याला 155 अंशांचीच हमी असते. घाट उतरताना ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जिवाशी येतो. म्हणून बहुतेक गाड्यांना दोनेक वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. तेवढ्याच कामासाठी तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. गॅरेजचं नाव इथे देत नाही, प्रकरण चालू आहे.

संध्याकाळी फोन आला. "तुमचं एबीएस मॉड्यूल गेलं नं भाऊ. ऑइल बदललं, हवा काढली, तरी पेडल बसूनच रायलं." मॉड्यूल म्हणजे एबीएस चालवणारा व्हॉल्व्ह-पंपाचा ठोकळा. जाऊन पाहिलं तर पेडल खरंच पिचपिचीत झालं होतं आणि मीटरमध्ये एबीएसचा पिवळा लाइट जळत होता. सकाळी मी गाडी आणली तेव्हा तो लाइट नव्हता, हे मी तिथंच बोललो. त्यावर उत्तर, "जुनं मॉड्यूल, कव्हा जाईन सांगता येत नाही." नवं घ्यायचं तर 40 हजारांच्या वर जाईल, पण "माह्याजवळ एक चांगल्या कंडिशनमधलं हाय, 22 हजारात बसवून देतो." आईला अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी अडकवून ठेवता येत नव्हती. अर्धे पैसे यूपीआयनं आधी घेतले, अर्धे गाडी देताना. पक्कं बिल दिलं नाही. जुनं मॉड्यूल मागितलं तर म्हणे ते एक्सचेंजमध्ये गेलं. लाइट बंद झाला होता, पेडलही बरंच वर आलं होतं.

त्यानंतर गाडी गावात, शेतात, अमरावतीच्या सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालली. श्रावणात चिखलदऱ्याहून उतरताना रस्ता ओला होता, धुकं होतं, आणि एका वळणावर गुरांचा कळप समोर आला. ब्रेक जोरात दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, म्हणजे एबीएस लागलं, आणि गाडी न घसरता सरळ थांबली. खरा प्रकार पुढच्या वळणावर झाला. पेडल दाबलं तर ते जवळपास तळाला टेकलं. पटापटा पंपिंग केलं, दुसऱ्या गिअरात आणली, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या कडेला लावली. तिथून ती टो करूनच अमरावतीला नेली.

अमरावतीच्या मेकॅनिकनं बोनेट उघडून मला जवळ बोलावलं. मॉड्यूलला सहा पाइप येतात, दोन मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) आणि चार चाकांकडे जाणारे. मॉड्यूल बदलायचं तर सहाही नट खोलावे लागतात. आमच्या गाडीच्या सहाही नटांवर कंपनीनं मारलेली रंगाची खूण जशीच्या तशी होती आणि फटींत जुनी धूळ घट्ट बसली होती. त्या नटांना कुणी पाना लावलेलाच नव्हता! मग त्यानं स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, जोडला. मेमरीत एकच जुना दोष निघाला, मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट तुटल्याचा. मॉड्यूलबद्दल एक अक्षर नाही. चाकाजवळ पाहिलं तर सेन्सरच्या कनेक्टरचं लॉक मोडलेलं. कनेक्टर काढला की लाइट लागतो, परत लावला की जातो. मला तो पिवळा लाइट दाखवून 22 हजार घेतले होते.

पेडल मात्र खरंच बसलं होतं. त्याचं कारण असं. हवा काढताना चाकाजवळच्या निपलमधून (ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) ऑइल बाहेर जातं, तसं वरच्या डब्यात नवं भरत राहावं लागतं. इथे डबा रिकामा होऊ दिला आणि हवा ओढली जाऊन थेट एबीएसच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या मॉड्यूलमध्येच, शिरली. त्या ब्लॉकमध्ये काही व्हॉल्व्ह एरवी बंद असतात, एबीएस लागल्यावरच उघडतात. त्यांच्या पलीकडे छोटा साठा आणि पंप असतो. साध्या पद्धतीनं, एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं निपल सोडायचा, असं चारही चाकांचं ब्लीडिंग (हवा काढणं) केलं तरी त्या पलीकडची हवा तिथंच राहते. पेडल बऱ्यापैकी घट्ट लागतं, गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. पुढे कधीतरी एबीएस लागतं, व्हॉल्व्ह उघडतात, पंप फिरतो आणि दडलेली हवा ब्रेकच्या लाइनमध्ये येते. गुरं वाचली त्या क्षणी आमच्या गाडीत हेच घडलं. उपाय म्हणजे स्कॅनरवरून पंप आणि व्हॉल्व्ह चालवून ब्लीडिंग करणं. तसं केल्यावर आमच्याच जुन्या मॉड्यूलवर पेडल दगडासारखं घट्ट झालं. ऑइल, मजुरी आणि स्कॅनर मिळून खर्च 2,000 च्या आत.

याचा अर्थ प्रत्येक वेळी ऑइल बदलायला स्कॅनर लागतोच असा नाही. डबा रिकामा होऊ दिला नाही तर बऱ्याच गाड्यांचं काम साध्या पद्धतीनं होतं, तेव्हा त्या नावाखाली जादा पैसे मागितले तर तेही देऊ नका. पण कुणी मॉड्यूल गेलं म्हटलं, तर स्कॅनरच्या पडद्यावरचा कोड पाहिल्याशिवाय आणि त्याचा फोटो काढल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. ज्याच्याकडे स्कॅनर नाही, त्याला मॉड्यूल गेलं हे कळलं कशावरून? गाडी देण्याआधी सहा नटांचे फोटो काढा. जुना पार्ट हातात घ्या. नव्या ऑइलचा डबा तुमच्यासमोर सील तोडून उघडायला लावा आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर डॉट 3 लिहिलंय की डॉट 4 ते पाहून तेच टाकायला सांगा. गाडी परत घेताना चावी फिरवून मीटर बघा. एबीएसचा लाइट काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो कुणी बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे, तशी गाडी नेऊ नका.

त्या गॅरेजवाल्याला फोटो दाखवले तर तो म्हणाला, "घाटात गाडी हाणली असन तुम्ही, त्याले मी काय करू?" म्हणून अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, घटनेपासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. आधी विचारायचं असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पक्कं बिल मिळालं नसेल तरी यूपीआयची नोंद आणि दुसऱ्या वर्कशॉपचा सहीशिक्क्याचा रिपोर्ट जपून ठेवा. माझी तक्रार याच दोन कागदांवर उभी आहे.