गव्याचं डोकं भिंतीवर: अकरा महिने आणि एक पावसाळा

गेल्या नोव्हेंबरात गोव्यातल्या साखळी इथल्या जुन्या घरातून आजोबांच्या वेळचं पेंढा भरलेलं गव्याचं डोकं पर्वरीच्या फ्लॅटमध्ये आणलं. आता ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे एक अख्खा पावसाळा त्याने इथे काढला. जुने पेंढा भरलेले प्राणी दिवाणखान्यात लावायची आवड हल्ली पुन्हा दिसू लागली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. गोव्याच्या हवेत अशी वस्तू ठेवायची तर घरात एखादं म्हातारं माणूस असावं तसं तिच्याकडे रोज बघावं लागतं. तेवढी तयारी असेल तरच पुढचं वाचा.

आधी कागदपत्रं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, तो आहे. आमचं डोकं मुक्तीच्या आधीचं, आणि बाबांच्या नावे मालकीचं प्रमाणपत्र होतं. बाबा गेल्यावर नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे वारसाने मिळाल्याची नोंद द्यावी लागते, ती मी दिली. घर बदलण्याआधीही वनखात्याला लेखी कळवलं. वस्तू वारसाने मिळू शकते, विकता मात्र येत नाही. मार्चमध्ये हॉटेलांची सजावट करणारे एक गृहस्थ घरी येऊन किंमत विचारून गेले. मी त्यांना प्रमाणपत्र दाखवलं आणि विषय तिथेच संपवला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या अवयवांचा व्यवहार केला तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. जंगलात पडलेलं सांबराचं शिंग उचलून आणणंसुद्धा याच कायद्यात येतं, हे आमच्या सत्तरीकडच्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. ज्यांना वारशाची वस्तू नकोशी झाली असेल त्यांना २०२२च्या दुरुस्तीने ती सरकारकडे स्वखुशीने जमा करायची सोय दिली आहे, तिचे पैसे मात्र मिळत नाहीत. माझं प्रामाणिक मत: वारशाने आलेलं आणि कागद असलेलं असेल तर जपा. नसेल तर शोधायलाही जाऊ नका.

जुन्या घरात ते चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेल्या सागवानी खुंटीवर होतं. वजन केलं तर तेवीस किलो भरलं. फ्लॅटच्या पोकळ विटांवर एवढा भार टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून काँक्रीटच्या खांबावर अँकर बोल्ट मारून घेतले. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका, उन्हाने केसांचा रंग उडतो. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच. मागे लाकडी पट्ट्या देऊन बोटभर फट ठेवली आहे, तेवढ्याने हवा खेळते.

सगळ्यात आधी कळायला हवी होती अशी एक गोष्ट मला उशिरा कळली. जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण लावत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही पद्धत विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालू होती. आजी आम्हाला गव्याला हात लावू द्यायची नाही, त्यामागे देवभोळेपणा असेल असं मी समजत होतो. आता हातमोजे आणि एन-९५ मास्क घातल्याशिवाय मी जवळ जात नाही. धूळ झटकायची नाही. हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून, केसांच्या दिशेने, अगदी कमी ओढीवर फिरवायचं. काचेचे डोळे किंचित ओल्या कापसाने पुसायचे. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर तर लावूच नये.

खरा कस जूनपासून लागला. घरातलं आर्द्रतामापक जुलैत ८८ टक्के दाखवत होतं. कातडीला पन्नासच्या आसपास बरं असतं, सत्तरच्या वर बुरशी धरते. जुन्या घरात पावसाळाभर त्यावर चादर असायची, म्हणून आईने इथे प्लॅस्टिकची घातली. वीस दिवसांनी काढली तर दोन्ही कानांवर पांढरी बुरशी. आत कोंडलेली ओल बाहेर पडायला जागाच नव्हती. जुन्या घरात कौलांतून आणि चौकातून वारा येत होता, चादर सुती होती. फ्लॅटमध्ये तसं काही नाही. बुरशी वाळू देऊन ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढली, आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र घेतलं. जुलैत दिवसाला पाच-सहा लिटर पाणी निघायचं. आकडा साठाच्या खाली क्वचितच आला, पण बुरशी परत आली नाही. विजेचं बिल मात्र चांगलंच वाढलं. एसी अधूनमधून लावणं त्याहून वाईट, कारण ओलाव्याच्या चढउताराने कातडी आणि आतला साचा वेगवेगळे आकसतात आणि शिवणीवर भेगा जातात. आमच्याकडे उजव्या नाकपुडीजवळ एक भेग गेली ती एप्रिलमध्ये, एसीच्या दिवसांत.

ऑगस्टात खाली जमिनीवर बारीक भुकटी आणि केसाळ अळ्यांच्या कातींचा सडा दिसला. कसर, म्हणजे केस-कातडी खाणारी कीड, लागली होती. डांबराच्या गोळ्यांनी उघड्या खोलीत अळ्या मरत नाहीत, त्यांची वाफ आपल्याच छातीला त्रास देते. थंडीत गोठवणं हा चांगला उपाय, पण एवढी शिंगं घरच्या फ्रीझरमध्ये मावत नाहीत. ओळखीच्या मासळीच्या शीतगृहवाल्याने नकार दिला. आर्सेनिकचं कळल्यावर मला त्याचं बरोबरच होतं असं वाटलं. शेवटी संग्रहालयांतली रीत केली: हवाबंद जाड पिशवी, आत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या, तीन आठवडे. तेव्हापासून भुकटी पडलेली नाही.

पिशवीत घालताना मागची फळी काढली, तर आत खरंच भाताचा पेंढा आणि लाकडाचा भुसा निघाला. शिकारीची जनावरं भरून देणाऱ्या म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांच्या कारखान्यात आत घालायला कागदाच्या लगद्याचे साचे करत. आमच्याकडचं काम गावठी हाताचं, म्हणूनच मानेचा एक भाग थोडा बसका आहे. मला तो तसाच आवडतो.

चतुर्थीला माटोळीसमोर (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीसमोर) मेलेलं जनावर नको, असं आईचं म्हणणं. पाच दिवस पातळ सुती कापड टाकलं, विसर्जनाच्या रात्रीच काढलं. बुरशी धरली नाही.

आता यंत्र रात्रीच तेवढं चालू असतं, मापक सकाळी चौसष्ट दाखवत होतं. भेग भरायची ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. तोवर तिला हात लावलेला नाही.