निकोटीन गम: आठ महिन्यांनंतर

अँजिओप्लास्टीनंतरच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ होती: 'धूम्रपान बंद'. कसं, ते कुणी सांगितलं नाही. सातपूर एमआयडीसीत २६ वर्षं, रोजच्या १५ सिगारेटी, पहिली चहाच्याही आधी. घरी आल्यावर चौथ्याच दिवशी गच्चीत जाऊन एक ओढली.

फॉलोअपला डॉक्टरांना खरं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत, सिगारेटऐवजी निकोटीन देणारा गम लिहून दिला. निकोटीन हृदयाला चालतं का, हा माझा प्रश्न. ते म्हणाले, स्टेंटचा (अँजिओप्लास्टीत बसवलेल्या जाळीचा) शत्रू धूर: त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, शिवाय रक्त गोठायला लागतं. पण नुकताच अटॅक आलेला असेल किंवा ठोके चुकत असतील, तर विचारल्याशिवाय गम घ्यायचा नाही. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागणाऱ्यांना ४ मि.ग्रॅ.चा, म्हणून मला तोच. दीड महिन्याने २ वर आलो.

पहिला आठवडा फुकट घालवला. साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावायचो. उचक्या, छातीत जळजळ. एका रात्री तर घाबरून ईसीजी काढून आलो. नॉर्मल निघाला, बायकोची बोलणी वेगळी. शेवटी १८००-११-२३५६ ला फोन केला. हा फुकटचा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, इतकी पाकिटं फोडली पण कधी वाचला नव्हता. तिथल्या ताईंनी पद्धत सांगितली: हळू चावायचा, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. अर्धा तास पुरतो.

आणि चहा! चहा-कॉफीनंतर १५ मिनिटं गम घ्यायचा नाही, तोंडात असतानाही काही प्यायचं नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. आमची सुट्टी दहा मिनिटांची. टपरीवर सगळे कटिंग आणि सिगारेट घेऊन उभे, मी गाल फुगवून. टपरीवाला विचारायचा, "दाढ दुखतेय का?" आता चहा थर्मासमधून मशीनपाशीच पितो, टपरीवर जातच नाही. खरं सांगायचं तर गमपेक्षा याचाच जास्त उपयोग झाला.

चव मिंट म्हणतात, मला मिरपूड वाटते. दाढेची कॅप एकदा गमला चिकटून बाहेर आली. कवळी असेल तर डॉक्टरांना अंगावर चिकटवायच्या निकोटीन पट्टीचं विचारा. खर्च सिगारेटीइतकाच. मध्ये एका हळदीत दोन ओढल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गम.

कोर्स साधारण तीन महिन्यांचा, माझा लांबला. सध्या दिवसाला एक, रविवारी तो मिसळ झाल्यावर हमखास.